सर्चच्या माथ्यावर दिसणारं आयतं उत्तर येतं कुठून?

नमस्कार मंडळी! मोबाइल हातात असेल तर एक करा. सर्चमध्ये टाका, 'एव्हरेस्टची उंची'. आलं? एकही लिंक न उघडता वरच ठळक अक्षरांत आकडा मिळतो, ८,८४८.८६ मीटर. हा आकडा तिथे ठेवला कुणी?

'गूगलने,' असं मला हमखास ऐकायला मिळतं. पण सर्च इंजिन काही डोंगर मोजत नाही. ही उंची ८ डिसेंबर २०२० रोजी नेपाळ आणि चीन यांनी मिळून जाहीर केली. त्याआधी आपण सगळे ८,८४८ एवढंच पाठ करत होतो. नवा आकडा जाहीर झाल्यावर तो कुणीतरी संदर्भस्रोतांत भरला, आणि मग तो तुमच्यापर्यंत आला.

मे २०१२ मध्ये गूगलने 'नॉलेज ग्राफ' आणला. तोवर सर्चचा भर मुख्यतः शब्द जुळवण्यावर होता. ग्राफमध्ये एव्हरेस्ट हा नुसता शब्द राहिला नाही, ती एक गोष्ट झाली. तिला उंची आहे, ठिकाण आहे, तिच्यावर चढलेली माणसं आहेत आणि हे सगळं एकमेकांना जोडलेलं आहे. सुरुवातीलाच अशा ५० कोटींहून जास्त गोष्टी त्यात होत्या. माहिती घेतली होती विकिपीडिया, फ्रीबेस नावाचा खुला माहितीसाठा, सीआयएचं वर्ल्ड फॅक्टबुक अशा ठिकाणांहून.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विकिडेटा सुरू झाला, म्हणजे विकिपीडियाच्याच कुटुंबातला, सुट्या नोंदींचा खुला माहितीसाठा. तो मला फार आवडतो, म्हणून जरा आत डोकावू. (स्क्रीनवर: विकिडेटाचं पान) तिथे एव्हरेस्टचा क्रमांक आहे क्यू ५१३. भाषा कुठलीही असो, क्रमांक हाच. खाली 'समुद्रसपाटीपासून उंची' अशी नोंद. नोंदीत आकडा, एकक आणि सोबत संदर्भ देण्याची जागा. नवं मोजमाप आलं म्हणून जुनं पुसायचं नाही, असा तिथला रिवाज आहे. दोन्ही ठेवायचे आणि सध्या कोणता धरायचा तेवढी खूण करायची. हे काम मुख्यतः स्वयंसेवक करतात, रात्री जेवणं आटोपून, बिनपगारी. सर्चच्या माथ्यावरच्या उत्तराच्या चौकटीत मात्र नुसता आकडा उरतो. संदर्भ, तारीख, जुनं मोजमाप, सगळं गळून गेलेलं असतं. मला हे मनापासून खटकतं.

आयत्या उत्तराचा दुसरा प्रकार वेगळा आहे, आणि तो जास्त जपून वाचायचा. 'अमुक झालं तर काय करावं' असं विचारलं की कुठल्यातरी पानातला एक तुकडा उचलून वर दाखवला जातो. याला फीचर्ड स्निपेट म्हणतात. इथे माणसाने भरलेली नोंद नसते, तुकडा यंत्र निवडतं. २०२१ मध्ये फिट आल्यावर काय करावं, या प्रश्नावर अशीच एक यादी वर आली होती. रुग्णाला दाबून धरा, तोंडात काहीतरी घाला. मूळ पानावर ही यादी 'हे करू नका' या मथळ्याखाली होती! मथळा सुटला आणि यादी तेवढी वर आली. औषध, आजार, कायदा यातलं काहीही असेल तर तुकड्याखालची लिंक उघडायचीच. तुकड्याच्या वरच्या चार ओळी आणि खालच्या चार ओळी वाचायच्या.

(२०२४ पासून एआयने जुळवून लिहिलेली उत्तरंही दिसू लागली आहेत. त्यावर वेगळा व्हिडिओ करते, तो विषय मोठा आहे.)

आणखी एक फेरा सांगते. समजा विकिपीडियावर कुणी चुकीचं साल टाकलं. ते चौकटीत आलं. एका लेखकाने घाईत चौकटीतून उचललं आणि लेखात छापलं. मग तिसऱ्या कुणी तोच लेख विकिपीडियावर संदर्भ म्हणून जोडला. चूक आता सप्रमाण दिसते! विकिपीडियाचे जुने संपादक या फेऱ्यावर डोळा ठेवून असतात.

तो आपल्यालाही पकडता येतो. लेखाच्या वर 'इतिहास' असं बटण असतं. ते दाबलं की प्रत्येक बदल तारखेसकट दिसतो. ते साल लेखात पहिल्यांदा कधी आलं ते शोधायचं. मग तळटीप उघडून संदर्भाची तारीख बघायची. साल २०१५ मध्ये आलंय आणि संदर्भ २०१८ चा आहे, त्याहून जुना एकही नाही, तर थांबा. त्या लेखाने साल कुठून घेतलं, ते आधी शोधायला हवं.