ट्रेलरला घरची वीज: इंदूरच्या एका अंगणातलं अर्थिंग

[दृश्य: अंगणात उभा कॅम्पर ट्रेलर. कॅमेरा सरकत चाकापाशी येतो.]

इंदूरच्या लोकमान्य नगरातलं हे अंगण. मे महिना. ट्रेलर महेश्वरला निघायचा आहे, पण त्याआधी रात्रभर आतला फ्रिज गार व्हायला हवा, १२ व्होल्टची बॅटरी भरायला हवी आणि एसी चालवून पाहायला हवा. वीज घरातूनच घ्यायची. पुष्कळ घरांत हे काम कसं उरकतं ते ठाऊक आहे: हॉलमधल्या बोर्डाला एक्स्टेन्शन, ते खिडकीतून बाहेर, ट्रेलरमधला दिवा लागला की झालं. दिवा फेज आणि न्यूट्रलवर लागतो. तिसरी, म्हणजे अर्थची तार पोचली की मध्येच तुटली, हे दिव्यावरून कळत नाही.

आता हे चाक पाहा. टायर रबराचा. चासी, पत्रा, पायरी, दाराची कडी हे सगळं धातूचं, एकमेकांना जोडलेलं आणि जमिनीपासून तुटलेलं. प्रवासात हादरे बसून आत एखादी फेजची तार घासली आणि पत्र्याला टेकली, तर सबंध ट्रेलरच्या अंगात २३० व्होल्ट येतात. आत बसलेल्याला ते जाणवतही नाही, कारण त्याच्याभोवतीचं सगळं एकाच व्होल्टेजवर असतं. शॉक बसतो तो ओल्या फरशीवर उभं राहून कडीला हात लावणाऱ्याला, आणि त्यात जीव जातो.

खाली टेकवलेले हे लोखंडी जॅक म्हणजे अर्थिंग नव्हे. त्यांच्यावर रंग आहे, खाली लाकडी ठोकळा आहे, त्याखाली सुकी फरशी. ट्रेलरची खरी अर्थ येते ती केबलच्या हिरव्या-पिवळ्या तारेतून, घराच्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत.

[दृश्य: अंगणाच्या कोपऱ्यातला खड्डा. भेगाळलेली काळी माती.]

"काका, याच्यात शेवटचं पाणी कधी घातलं होतं?" वायरमननं खड्ड्याचं झाकण उचलून विचारलं. उत्तर आलं नाही. माती पाहूनच ते कळत होतं.

माळव्याची काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, आणि ओली असताना अर्थिंगला तिच्यासारखी माती नाही. उन्हाळ्यात मात्र ती आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाइपला धरून बसलेली माती पाइपपासून सुटते. पाइप तोच, तार तीच, पण जमिनीशी संबंध निम्माही उरत नाही. अर्थिंगच्या भारतीय मानकात, आयएस ३०४३ मध्ये, पाइप निदान अडीच मीटर लांब सांगितला आहे, तो यासाठीच. वरची दोन-तीन फूट माती सुकली तरी खालचा भाग ओलीत राहावा. खाली कोळसा-मीठ भरून वर पाणी घालायला नरसाळं ठेवतात, तेही यासाठीच. या खड्ड्यातलं नरसाळं पाल्यानं बुजलेलं होतं. वर पकडीचा बोल्ट गंजून हिरवट झालेला, हातानं फिरत होता.

[दृश्य: अर्थ टेस्टर, जमिनीत ठोकलेले दोन खिळे.]

पाइपपासून जमिनीत जाताना करंटला किती अडथळा होतो, याची मोजणी अशी करतात. मेन बंद. घराकडे जाणारी अर्थची तार पाइपवरून सोडवलेली. पाइपपासून २० मीटरवर एक खिळा, आणि त्याच रेषेत ६२ टक्के अंतरावर, म्हणजे सुमारे साडेबारा मीटरवर, दुसरा. टेस्टर बाहेरच्या खिळ्यातून करंट सोडतो आणि मधल्या खिळ्यावर व्होल्टेज पाहतो. अंगण पुरलं नाही म्हणून बाहेरचा खिळा शेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्ये ठोकला आहे.

आकडा आला १४ ओहम.

या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्या. ट्रेलरमध्ये फेज पत्र्याला लागली, तर अर्थमधून जाणारा करंट २३० भागिले १४, म्हणजे सोळा-साडेसोळा अँपिअर. घराच्या बोर्डात १६ अँपिअरचा एमसीबी आहे, म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडून लाइन तोडणारा स्विच. तो एवढ्या करंटवर पडतच नाही! त्याच्या दृष्टीनं हा एखादा मोठा गिझर चालू आहे. पत्रा मात्र तेवढा वेळ जवळजवळ पूर्ण व्होल्टेजवर राहतो. अर्थ ५ ओहमपर्यंत सुधारली तर ४६ अँपिअर जातील, पण सी प्रकारचा १६ अँपिअरचा एमसीबी झटक्यात पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. ४६ वर तो गरम होऊन पडेल, त्याला काही सेकंद लागतील.

बोल्ट बदलला, पितळी वॉशर घातलं, नरसाळं मोकळं केलं, दोन दिवस बादलीनं सावकाश पाणी मुरवलं. हा दुसरा आकडा: ५.२. इथवर माती आणि पाण्याचं काम. पुढचं काम आरसीसीबीचं.

[दृश्य: डिस्ट्रिब्यूशन बोर्ड, आरसीसीबीचं 'टेस्ट' बटण.]

३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत आला का, एवढंच तो पाहतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत लाइन तोडतो, फरक मोठा असेल तर त्याहून कितीतरी लवकर. मग अर्थ कशाला, असा प्रश्न येतो. अर्थ असेल तर पत्र्याला फेज लागताक्षणी करंटला वाट मिळते आणि आरसीसीबी कोणी हात लावण्याआधी पडतो. अर्थ नसेल तर तो वाट पाहत बसतो, आणि करंटची वाट होतो तो कडीला हात लावणारा माणूस. दोन्ही हवेत. एमसीबीही हवा, कारण ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किट आरसीसीबीला कळत नाही. ट्रेलरमध्ये चार्जर आणि इन्व्हर्टर एसी असेल तर 'ए' प्रकारचा आरसीसीबी घ्यावा. तो घराच्या बाजूला बसवायचा, म्हणजे अंगणातली केबलही त्याच्या राखणीत येते. टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचं. दाबूनही पडला नाही तर तो बदलायचा.

[दृश्य: पिन टॉप उघडलेला, टेबलावर. अगदी जवळून.]

हा १६ अँपिअरचा थ्री पिन टॉप. अर्थची पिन जाड आणि लांब, म्हणजे घालताना ती आधी लागते आणि काढताना शेवटी सुटते. आत तार जोडतानाही हाच नियम. हिरवी-पिवळी तार बाकी दोघींपेक्षा दीडेक सेंटिमीटर लांब ठेवली आहे पाहा. केबल कोणाच्या पायात अडकून ओढली गेली तर आधी फेज तुटेल, अर्थ शेवटी. केबल धरून ठेवणारी पट्टी बाहेरच्या वेष्टणावर आवळायची, आतल्या तारांवर नाही. तारेच्या टोकाला झाळ (सोल्डर) लावू नका. स्क्रूखाली झाळ हळूहळू दबते, कनेक्शन लूज होतं, पिन तापते. शेजारी ठेवलेला जुना टॉप तसाच तपकिरी झालेला आहे.

रंगांबाबत एक इशारा. या केबलमध्ये निळी तार न्यूट्रल आहे. पण थ्री फेज घराच्या भिंतीत निळी तार हा तिसरा फेज असतो. रंग पाहून जोडू नका, मीटर लावा. सॉकेटकडे तोंड केलं की वर अर्थ, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्ट. फेज आणि न्यूट्रल उलटे असतील तर एका तारेचा स्विच बंद करूनही हीटरची कॉइल जिवंत राहते. म्हणून ट्रेलरचा मेन दोन्ही तारा तोडणारा, डबल पोल, लागतो.

[दृश्य: केबलचा ड्रम, पूर्ण उलगडलेला.]

केबल थ्री कोअर, तांब्याची, अडीच स्क्वेअर एमएम, वरून रबर. २५ मीटर लांब असली तर जाऊन-येऊन ५० मीटर तार, सुमारे ०.४ ओहम. १२ अँपिअरला पाच व्होल्ट उतरतात, साठेक वॅट उष्णता सबंध लांबीवर पसरते. १ स्क्वेअर एमएमची स्वस्त केबल घेतली तर तेच १२ व्होल्ट आणि १४० वॅट. ती ड्रमवर गुंडाळलेलीच ठेवली तर उष्णतेला बाहेर पडायला जागा नाही, आतले थर वितळून एकमेकांना चिकटतात. उलगडा, सगळी उलगडा. दाराच्या फटीतून नको, गेटच्या चाकाखालून नको, जोड जमिनीपासून वर.

पॉवर पॉइंटला बोर्डापासून स्वतःची वेगळी लाइन हवी, आणि ती घरच्या इन्व्हर्टरवर नको. १६ ते ६ अँपिअरचा कन्व्हर्जन प्लग इथे चालणार नाही.

[दृश्य: जोडणी, सलग एका शॉटमध्ये.]

ट्रेलरचा मेन बंद. सॉकेटचा स्विच बंद. केबलचं निळ्या कनेक्टरचं टोक आधी ट्रेलरच्या इनलेटमध्ये, मग टॉप घराच्या सॉकेटमध्ये. स्विच चालू. दाराच्या कडीपासून टॉपच्या अर्थ पिनपर्यंतचा रेझिस्टन्स जोडणीआधीच मोजला होता: १ ओहमपेक्षा कमी. आता ट्रेलरचा मेन, मग एकेक उपकरण.

तारेभोवती पकडून करंट दाखवणाऱ्या क्लॅम्प मीटरवर एक टनाचा एसी ५ अँपिअर घेतोय, चार्जर पावणेदोन. किटली लावली की आणखी साडेसहा. झाले सव्वातेरा. सॉकेटवर १६ लिहिलेलं असलं तरी तासन्तास १२-१३च्या वर नेऊ नका. किटलीचं पाणी उकळून होईपर्यंत एसी बंद ठेवला तर काही बिघडत नाही. इंडक्शन आणि एसी एकत्र नकोच. अर्ध्या तासानं टॉपला हात लावून पाहा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर लगेच बंद.

सोडवताना क्रम उलटा: उपकरणं, ट्रेलरचा मेन, सॉकेटचा स्विच, घराकडचा टॉप, शेवटी इनलेट. केबल गुंडाळताना ओल्या फडक्यानं पुसत सबंध लांबी हातातून जाऊ द्या. वेष्टण चिरलेलं सापडलं तर टेप गुंडाळून काम भागत नाही. तेवढा तुकडा कापून टाका आणि टॉप नव्यानं बसवा.