टिळकांची पेन्सिल

श्रोतेहो, जय ख्रिस्त. रविवारी आपण उपासनेला जातो, घरीही प्रार्थना होते. पण देवाशी आपलं एकट्याचं बोलणं किती होतं? ते कसं वाढवायचं, हे आज सांगायचं आहे. त्यासाठी आधी १८९३ सालच्या एका आगगाडीत चढू या.

डब्यात बसले होते नारायण वामन टिळक. अजून रेव्हरंड नव्हेत, ख्रिस्तीही नव्हेत. कोकणातल्या करजगावचे, चित्पावन घरातले, संस्कृत जाणणारे, तिशीतले कवी. नागपूरहून राजनांदगावला निघालेले. सोबतीला एक गोरा प्रवासी. साहेब म्हणजे तोऱ्यात असणार, अशी टिळकांची अटकळ. पण हा माणूस अदबीनं वागला. बोलणं कवितेवरून निघालं आणि हळूहळू धर्माकडे वळलं. शेवटी त्यानं टिळकांच्या हाती बायबल दिलं आणि म्हटलं, हे मनापासून अभ्यासा, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल!

टिळकांना हे भाकीत अजबच वाटलं. पण वाचीन असा शब्द दिला होता, आणि तो त्यांनी पाळला. वाचताना हाती पेन्सिल घ्यायची आणि लक्षात ठेवण्याजोग्या ओळीवर खूण करायची, ही त्यांची सवय. तसंच वाचत वाचत ते मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पाचव्या अध्यायाशी आले, जिथून येशूचं तीन अध्यायांचं डोंगरावरील प्रवचन सुरू होतं, आणि तिथेच खिळले. ते शब्द त्यांना सोडवेनात. तत्त्वज्ञानातल्या गहन प्रश्नांची उत्तरं मला त्या तीन अध्यायांत मिळाली, असं त्यांनी पुढे सांगितलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. दोन वर्षांच्या आसपासच!

याच टिळकांची भजनं आपण आजही गातो. जाता जाता एक सांगतो, ती पेटी, तबला आणि टाळांवरच गावीत. ड्रमच्या दणक्यात शब्द बुडतात, आणि शब्द बुडाले की भजनात राहिलं काय?

असो. टिळक जिथे खिळले तिथूनच आपण सुरुवात करू. मत्तय पाच, सहा, सात. तिन्ही मिळून १११ वचनं, म्हणजे अध्यायातले क्रमांक दिलेले छोटे भाग. रोज चार घेतली तर २८ दिवस. वेळ वीस मिनिटं, सकाळी, मोबाइल हातात घेण्याआधी. वाचायचं छापील पुस्तकातून. दार लावून घ्या. प्रभूनं सहाव्या अध्यायात तेच सांगितलं आहे. चार वचनं मोठ्यानं वाचा. पुन्हा वाचा, या वेळी पेन्सिल घेऊन, आणि एकाच वचनावर खूण करा. मग त्याच वचनाची प्रार्थना करा. चार वचनं, एक खूण, एक प्रार्थना.

सहाव्या दिवशी पाचव्या अध्यायातली २१ ते २४ वचनं येतील. अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. इथे ‘प्रभू, सर्वांना प्रेम दे’ एवढं म्हणून उठू नका. नाव घ्या. ‘प्रभू, धाकट्या भावाशी जमिनीवरून बोलणं बंद आहे. आज त्याला फोन करायला मला बळ दे.’ आणि संध्याकाळच्या आत फोन करा. नातं दाट होतं ते इथे, कारण देवानं सांगितलेलं तुम्ही ऐकलंत आणि केलंत.

बिघडतं कुठे? कितीतरी जण जानेवारीत पहिल्या, उत्पत्तीच्या पुस्तकापासून अख्खं बायबल वाचायला घेतात आणि तिसऱ्या, लेवीयाच्या पुस्तकात आले की थांबतात. अर्पणांचे ते नियम समजायला जाणत्याची मदत लागते, एकट्यानं वाचणाऱ्याचा धीर सुटतो. काहींची प्रार्थना म्हणजे नुसती मागण्यांची यादी. बोलायचं ते आपणच, देवाचं ऐकायचंच नाही. म्हणून आधी वचन, मग मागणी. कधी आठवडाभर मन कोरडं राहतं. त्या दिवसांत स्वतःचे शब्द जुळवत बसू नका, बायबलमधलं एखादं स्तोत्र सावकाश म्हणा. तेविसावं बहुतेकांना पाठ असतंच.

आणि एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी आठ वचनं वाचून भरपाई करू नका. घाईत वाचलेल्या आठांतलं एकही मनात उतरत नाही. राहिली तिथूनच पुढची चार घ्या. २८ चे ३५ दिवस झाले तरी चालतील. चार वचनं, एक खूण, एक प्रार्थना.