चेंडू कुणाच्या हातात द्यायचा

(एका कनिष्ठ महाविद्यालयात विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मुलांनो, पत्रिकेवर माझ्या नावाखाली विषय छापलाय, 'यशस्वी कर्णधाराकडून विद्यार्थ्यांनी काय शिकावं'. यातला 'यशस्वी' हा शब्द मला जरा अडचणीचा वाटतो. ज्यांच्याबद्दल मी बोलणार आहे त्या माणसाची १९७१ मध्ये मुंबईत विमानतळापासून ब्रेबॉर्न स्टेडियमपर्यंत उघड्या गाडीतून मिरवणूक निघाली होती. तीनच वर्षांनी त्याच माणसाच्या घरावर लोकांनी दगड मारले. यातला यशस्वी कोणता, ते तुम्ही ठरवा. मी भारताच्या क्रिकेट संघाचे तेव्हाचे कर्णधार अजित वाडेकर यांच्याबद्दल बोलतोय.

मी जन्मभर गणित शिकवलं, क्रिकेट फक्त ऐकलं आणि पाहिलं. १९७१ ला मी बारा वर्षांचा होतो. वेस्ट इंडिजमधला स्कोअर आमच्या गावात दुसऱ्या दिवशीच्या पेपरात यायचा, तोही अर्धवट. उरलेला डाव आम्ही पारावर बसून मनानेच खेळून टाकायचो. त्यामुळे माझ्या बोलण्यात थोडी भक्ती मिसळली तर तेवढी वजा करून ऐका.

वाडेकरांना खरं तर इंजिनियर व्हायचं होतं. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असताना बसमध्ये बाळू गुप्ते भेटले. हे पुढे भारताकडून खेळले. त्यांनी विचारलं, आमच्या टीमला बारावा खेळाडू कमी आहे, येतोस का? दिवसाचे तीन रुपये मिळतील. १९५७ च्या आसपासचे तीन रुपये! वाडेकर गेले. बाराव्या खेळाडूचं काम काय, तर पाणी नेऊन द्यायचं, कुणी लंगडत बाहेर आला तर तेवढ्यापुरतं मैदानात उभं राहायचं, आणि उरलेला वेळ बघत बसायचं. हे बघत बसणं मला महत्त्वाचं वाटतं. पुढे रणजी सामन्यात म्हैसूरविरुद्ध त्रिशतक ठोकणारा आणि कसोटीत तिसऱ्या क्रमांकावर खेळणारा हा माणूस सीमारेषेबाहेर बसून खेळ शिकायला लागला.

१९७१ च्या जानेवारीत वेस्ट इंडिज दौऱ्यासाठी कर्णधार निवडायचा होता. आधीचे कर्णधार पतौडी यांचं नाव सगळे धरूनच चालले होते. निवड समितीत मतं सारखी पडली, आणि अध्यक्ष विजय मर्चंट यांनी आपलं निर्णायक मत वाडेकरांच्या पारड्यात टाकलं. त्या वेळी वाडेकर कुठे होते? पत्नीबरोबर घरासाठी पडदे घ्यायला बाजारात. परत आले तर दारात पत्रकारांची गर्दी. मला हा प्रसंग फार आवडतो. आपल्याकडे मॉनिटर व्हायचं म्हटलं की मुलं आठ दिवस आधीपासून सरांच्या टेबलाभोवती घुटमळतात.

आता किंग्स्टन. पहिली कसोटी. पहिला दिवस पावसात वाहून गेला. भारताची पहिली फलंदाजी, आणि पाच बाद ७५. नेहमीचंच, असं तेव्हाच्या कुठल्याही भारतीयाने म्हटलं असतं. वेस्ट इंडिजला आपण तोपर्यंत एकाही कसोटीत हरवलेलं नव्हतं. तिथे दिलीप सरदेसाई उभे राहिले. मूळचे मडगावचे, म्हणजे आपल्या गोव्याचे. या दौऱ्यासाठी त्यांचं नाव पक्कं नव्हतं, वाडेकरांनी आग्रह धरून त्यांना घेतलेलं. सरदेसाईंनी २१२ केल्या. सोबत एकनाथ सोलकरने ६१ आणि शेवटी प्रसन्नाची साथ. भारत ३८७. मग वेस्ट इंडिज सर्वबाद २१७.

वजाबाकी करा. एकशे सत्तर. पाच दिवसांच्या कसोटीत फॉलोऑन द्यायचा, म्हणजे समोरच्याला लगेच पुन्हा फलंदाजी करायला लावायचं, तर दोनशेंची आघाडी लागते. वेस्ट इंडिजचे खेळाडू निवांत होते, आता भारतच परत खेळायला येणार. पण पहिला दिवस वाहून गेला तर नियमाप्रमाणे तो सामना चार दिवसांचा धरतात, आणि चार दिवसांच्या सामन्यात दीडशेच पुरतात. वाडेकर सरळ त्यांच्या ड्रेसिंग रूममध्ये गेले आणि त्यांचे कर्णधार सोबर्स यांना म्हणाले, तुम्हीच पुन्हा खेळा. सोबर्स चकित झाले. सर गारफिल्ड सोबर्स, जगातला सर्वोत्तम अष्टपैलू खेळाडू, आणि त्याला नियम सांगतोय स्टेट बँकेत नोकरी करणारा, हळू आवाजात बोलणारा मुंबईचा माणूस.

सामना अनिर्णित राहिला. कन्हायने नाबाद १५८ केल्या, सोबर्स ९३. म्हणजे धावफलकावर या फॉलोऑनचा उपयोग शून्य. गणिताच्या पेपरात असं खूपदा होतं, रीत बरोबर आणि उत्तर येईपर्यंत वेळ संपते. पण माझ्या मते ती मालिका तिथेच फिरली. समोरच्याला कळलं, ही पूर्वीची टीम नाही, यांनी पुस्तक वाचलंय. तुमच्यातल्या किती जणांनी प्रश्नपत्रिकेवरच्या सूचना आयुष्यात एकदा तरी पूर्ण वाचल्या आहेत, हे मी विचारणार नाही. मला उत्तर माहीत आहे.

दुसरी कसोटी पोर्ट ऑफ स्पेनची, मार्चमध्ये. बोटाच्या दुखण्यामुळे पहिली कसोटी हुकलेला सुनील गावसकर नावाचा मुलगा इथे पहिल्यांदा खेळला. ६५ आणि नाबाद ६७. सरदेसाईंचं पुन्हा शतक. पण मला सांगायचंय ते सलीम दुराणींबद्दल. दुसऱ्या डावात सोबर्स आणि क्लाइव्ह लॉइड हे दोघे टिकले असते तर सामना गेलाच होता. दुराणी सांगत होते, मला द्या, मी काढतो. दुराणी लहरी म्हणून प्रसिद्ध. चालले तर राजा, नाही तर काही खरं नाही. अशा माणसाच्या हातात अशा वेळी चेंडू द्यायचा की खात्रीच्या गोलंदाजाला चालू ठेवायचं? वाडेकरांनी चेंडू दिला. सोबर्स शून्यावर त्रिफळाचीत. लॉइड झेलबाद, आणि झेल घेतला स्वतः वाडेकरांनी. दुराणींची १७ षटकं, २१ धावा, २ बळी. भारत सात गडी राखून जिंकला. पुढच्या तीन कसोटी अनिर्णित, मालिका १-० ने आपली.

त्या मालिकेत गावसकरने चार कसोटींत ७७४ धावा काढल्या, सरदेसाईंनी ६४२. आणि कर्णधाराची स्वतःची बॅट? फारशी चालली नाही. हे मुद्दाम सांगतोय. तुमच्या प्रोजेक्टच्या गटात जो सगळं एकटाच लिहितो, चार्टही तोच चिकटवतो आणि मॅडमपुढे तोच बोलतो, त्याला आपण लीडर म्हणतो. तो लीडर नाही, तो बिचारा राबतोय आणि बाकीचे चौघे वडापाव खातायत.

जाता जाता एक गंमत. सोबर्स रोज सकाळी भारताच्या ड्रेसिंग रूममध्ये यायचे आणि शुभशकुन म्हणून गावसकरला हात लावून जायचे. शतकंही काढायचे. शेवटच्या कसोटीत एका सकाळी वाडेकरांनी गावसकरला बाथरूममध्ये कोंडून ठेवलं, असं सांगतात. सोबर्स त्या डावात शून्यावर गेले. यातून काय शिकायचं ते मला विचारू नका.

आता इंग्लंड, त्याच वर्षीचा उन्हाळा. लॉर्ड्स आणि ओल्ड ट्रॅफर्ड अनिर्णित. तिसरी कसोटी ओव्हलला. इंग्लंडमध्ये आपण तोवर एकही कसोटी जिंकलेली नव्हती. इंग्लंड ३५५, आपण २८४. एकाहत्तर धावांनी मागे. आणि मग भागवत चंद्रशेखर.

चंद्राचा उजवा हात लहानपणी पोलिओने बारीक झालेला. त्याच हाताने तो लेगस्पिन टाकायचा, आणि मध्येच एक चेंडू असा सणसणीत जायचा की वेगवान गोलंदाजाने हेवा करावा. त्या वर्षी डर्बी जिंकलेल्या घोड्याचं नाव होतं मिल रीफ. आपल्या मुलांनी चंद्राच्या वेगवान चेंडूचं नाव ठेवलं मिल रीफ. समोर एडरिच आला तेव्हा सरदेसाईंनी चंद्राला हाक मारून सांगितलं, याला मिल रीफ टाक. चंद्राने टाकला. एडरिचची बॅट खाली येईपर्यंत दांडी गेलेली. लगेच फ्लेचरही शून्यावर, सोलकरच्या हातात. इंग्लंड सर्वबाद १०१. चंद्रा ३८ धावांत ६ बळी.

सोलकरबद्दल दोन वाक्यं. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा, तिथल्याच खोपटात वाढलेला. शॉर्ट लेगला फलंदाजाच्या पायाशी उभा राहायचा, हेल्मेट नाही, काही नाही. २७ कसोटींत ५३ झेल. चंद्राच्या सहा बळींत याचा वाटा धरला नाही तर तो हिशोब चुकीचा आहे.

आणि आता त्या डावाच्या धावफलकात मला सर्वांत आवडणारी ओळ. चंद्रशेखर १८.१ षटकं. वेंकटराघवन २० षटकं. बिशनसिंग बेदी, १ षटक. एक! त्या काळी जगात बेदींच्या तोडीचा डावखुरा फिरकी गोलंदाज शोधून सापडला नसता, आणि कर्णधाराने त्यांना जवळजवळ सगळा डाव क्षेत्ररक्षणाला उभं केलं. का? चंद्रा आणि वेंकटची जोडी लागली होती. लागलेली भट्टी मोडायची नाही. चांगला गोलंदाज आहे म्हणून त्याला गोलंदाजी द्यायलाच हवी, बरं दिसणार नाही, तो रागवेल, हा विचार तिथे केला नाही. आणि ते एक षटक दिलं तेव्हा बेदींनी त्यात एक धाव देऊन अंडरवुडला काढलं. स्नेहसंमेलनात ज्याचं नाव कार्यक्रमपत्रिकेत एकदाच येतं आणि तेही पडदा ओढणारा म्हणून, त्याने ही ओळ वहीत लिहून ठेवावी.

जिंकायला १७३ हव्या होत्या. चौथ्या दिवसअखेर दोन बाद ७६. वाडेकर ४५ वर नाबाद. उरल्या सत्त्याण्णव. दुसऱ्या दिवशी सकाळी, खेळ जेमतेम सुरू झालेला, सरदेसाईंबरोबर धाव घेताना दॉलिव्हेराच्या फेकीवर कर्णधार धावबाद! पंचेचाळीसवरच. तुम्ही काय केलं असतं? मी असतो तर बॅट आपटली असती, सरदेसाईंना मनातल्या मनात शिव्या दिल्या असत्या आणि गॅलरीत नखं खात बसलो असतो. वाडेकर आत गेले आणि झोपले. खरोखर झोपले. बाहेर सरदेसाई ४०, विश्वनाथ ३३, फरुख इंजिनियर नाबाद २८, आबिद अलीचा चौकार, माणसं मैदानात धावतायत. ओव्हलवाल्या सरे संघाचे जुने फलंदाज केन बॅरिंग्टन यांनी येऊन त्यांना उठवलं आणि सांगितलं, जिंकलात. आपण जिंकणार याची खात्री होती, असं वाडेकर नंतर सांगायचे.

या झोपेला काही जण बेफिकिरी म्हणतात. मला तसं वाटत नाही. माझ्या हातातलं काम संपलंय, आता ते सरदेसाई-विश्वनाथच्या हातात आहे, मी खिडकीत उभा राहून त्यांच्या बॅटला धक्का देऊ शकत नाही. तुमचे आईवडील परीक्षा केंद्राबाहेर तीन तास उन्हात उभे असतात, त्यांना हे जरूर सांगा. ऐकणार नाहीत.

१९७२-७३ च्या हिवाळ्यात इंग्लंड भारतात आलं, दिल्लीत पहिलीच कसोटी हरूनही वाडेकरांनी मालिका २-१ ने जिंकली. त्या मालिकेत पतौडी वाडेकरांच्या हाताखाली खेळले. ज्याची खुर्ची गेली तो, आणि ज्याला ती मिळाली तो, एकाच ड्रेसिंग रूममध्ये. हे दोघांनाही सोपं गेलं नसणार.

आणि मग १९७४. यावर मला घाईने जायचं नाही, कारण सत्काराच्या भाषणांत हा भाग नेहमी गाळतात. इंग्लंडमध्ये तिन्ही कसोटी हरलो. लॉर्ड्सला फॉलोऑन मिळाल्यावर दुसरा डाव ४२ धावांत संपला. सतरा षटकांत! त्यातल्या १८ नाबाद एकट्या सोलकरच्या. एका डावाने आणि २८५ धावांनी पराभव. संघातही कुरबुरी होत्या. ओव्हलला ज्या बेदींना एक षटक मिळालं होतं त्यांचं आणि कर्णधाराचं या दौऱ्यात पटलं नाही. माणसं ओळखणं ही एकदा शिकून कायमची येणारी गोष्ट नसते, वाडेकरांनाही ती तेव्हा जमली नाही. इंदूरला १९७१ च्या विजयाची आठवण म्हणून काँक्रीटची मोठी बॅट उभारली होती, विजय बल्ला. लोकांनी तिला काळं फासलं. घरावर दगड आले. पश्चिम विभागाच्या संघातूनही वाडेकरांना वगळलं. तेहतिसाव्या वर्षी त्यांनी क्रिकेट सोडलं आणि ते बँकेत कामावर जात राहिले. तिथेही ते मोठ्या पदापर्यंत चढले.

अठरा वर्षांनी क्रिकेटवाल्यांना त्यांची पुन्हा आठवण झाली आणि ते भारतीय संघाचे व्यवस्थापक झाले. १९९४ चा मार्च महिना, ऑकलंड. एकदिवसीय सामना, सलामीच्या सिद्धूची मान अवघडलेली. वीस वर्षांचा एक पोरगा कर्णधार अझरुद्दीन आणि वाडेकरांकडे गेला आणि म्हणाला, मला सलामीला पाठवा. एकदा संधी द्या, नाही जमलं तर परत मागणार नाही. तोवर तो मधल्या फळीत खेळायचा. वाडेकरांच्या डोळ्यांसमोर तेव्हा पोर्ट ऑफ स्पेनचे दुराणी आले असतील का, ही माझी आपली कल्पना. पण त्यांनी हो म्हटलं. सचिन तेंडुलकरने ४९ चेंडूंत ८२ केल्या.

माझं बोलणं झालं. कुणाला काही विचारायचं असेल तर हात वर करा. पुढच्या रांगेतले जरा थांबा, मागच्या बाकांवरचे आधी.