आपलं मीठ आपण घालून घे

(एका वाचनालयाच्या पावसाळी व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाराज, वाचनालयाची मंडळी आणि एवढ्या पावसात छत्र्या सांभाळत आलेले तुम्ही सगळे. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘एका दुर्मिळ स्लाव्ह आडनावाचा उगम आणि वारंवारिता’. खाली वक्ते म्हणून ‘श्री. डोईजोडे’ छापलंय. विषय बरोबर आहे. वक्ता डोईफोडे.

हसा, हसा. मला सवय आहे. आमच्या सासऱ्यांनी बघण्याच्या कार्यक्रमात पोह्यांची बशी पुढे करत पहिला प्रश्न हाच विचारला होता, ‘फोडणार कुणाची?’

तर १९८७ साली कंपनीनं मला ब्रनोला पाठवलं. चेकोस्लोव्हाकिया एकसंध होता तेव्हा. तिथले झेक लोक स्लाव्ह, पोलंडवाल्यांसारखेच. ब्रनो हे मोराव्हियातलं, म्हणजे आजच्या झेक देशाच्या पूर्वेकडच्या भागातलं, मोठं शहर. १९५९पासून तिथं यंत्रांचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरतं, आमचं काम त्याच्याशी संबंधित. दुपारी कँटीनमध्ये बटाट्याचं सूप मिळायचं. त्याला म्हणतात ब्राम्बोराच्का. एक दिवस ते इतकं अळणी होतं, की मी तोंड वाकडं केलं. आमचा दुभाषा हसला, मीठदाणी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाला, ‘ओसोल्सोब्ये!’ मला वाटलं, जेवणाआधी म्हणायचं काहीतरी असेल. तो म्हणाला, नाही, हे आडनाव आहे. ‘ओसोल’ म्हणजे मीठ घाल. ‘सोब्ये’ म्हणजे स्वतःला; आपल्या ‘स्व’चंच लांबचं भावंड. दोन्ही मिळून, आपलं मीठ आपण घालून घे. या आडनावाचे एक नामवंत अभ्यासकही त्याच शहरातले, ईवो ओसोल्सोब्ये. ऑपेरेटा आणि म्युझिकलवर त्यांनी आयुष्य घातलं. म्हणजे आपल्याकडे असते तर संगीत रंगभूमीवर बोलायला आपण त्यांनाच बोलावलं असतं, आणि पत्रिकेवर ‘मीठवाले’ छापलं असतं.

त्या दिवशी मला काय वाटलं सांगू? जगात आपण एकटे नाही, असं वाटलं.

कारण माझी गोष्ट ऐका. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मी डोईफोडे. नोकरीला लागलो तेव्हा सेवापुस्तक लिहिणारे गृहस्थ सज्जन होते. त्यांना वाटलं, एवढ्या शांत मुलाचं आडनाव असं कसं असेल, पोरानं घाईत चुकून लिहिलं असणार. त्यांनी ‘फो’चा ‘जो’ केला. तेहतीस वर्षं मी पगार घेतला आणि ते पान कुणी उघडून बघितलं नाही. मीही नाही. निवृत्तीला उघडलं. पेन्शन मंजूर झाली श्री. डोईजोडे यांना, बँकेत खातं श्री. डोईफोडे यांचं. अकरा महिने पैसे कुठंतरी मधल्या मध्ये. मी खिडकीवर गेलो की तिथला मुलगा म्हणायचा, ‘काका, तुम्ही तेच आहात हे मला दिसतंय हो, पण कागदाला दिसत नाही.’ अखेर स्टँपपेपर, नोटरी, दोन साक्षीदार. त्यावर मी लिहून दिलं की डोईफोडे व डोईजोडे या दोन्ही व्यक्ती एकच असून ती व्यक्ती मी आहे. साक्षीदारांपैकी एक आमचे शेजारी. सही करताना म्हणाले, ‘मी दोघांनाही ओळखतो.’ आणि आज ही पत्रिका! म्हणजे तो दुसरा गृहस्थ अजून जिवंत आहे, व्याख्यानंही देतो.

असो. सांगायचं होतं ते झेक आडनावांबद्दल. त्यांच्याकडे, विशेषतः मोराव्हियात, क्रियापदांची आडनावं फार. डोलेझाल म्हणजे लोळत राहिला, पोस्पीशिल म्हणजे घाई केली, व्हिस्कोचिल म्हणजे उडी मारून बाहेर आला. सगळी भूतकाळी! जणू माणसानं एकदाच काहीतरी केलं आणि गावानं ते कायमचं लक्षात ठेवलं. त्याहून मजेशीर ती आज्ञार्थी. स्कोच्दोपोले म्हणजे शेतात उडी मार. नेयेस्ख्लेबा म्हणजे भाकरी खाऊ नको, म्हणजे त्यांचा पाव हो. आपण असं करत नाही. आपण माणसाच्या सवयीला किंवा पराक्रमाला नाव देतो, गोडबोले, वाघमारे, आगलावे. आपलं आडनाव माणसाचं वर्णन करतं, त्यांचं त्याला हुकूम सोडतं. पण हे त्यांचंच वैशिष्ट्य म्हणू नका. शेक्सपिअर काय वेगळं आहे? भाला हलव!

आणि टेनिसवाली नवरातिलोव्हा. आमच्या आळीत तिला सर्रास ‘नवरात्री’ म्हणायचे. नाव्रातिल म्हणजे परत आला. या बाईंनी १९७५ साली देश सोडला, अमेरिकेत राहिल्या, आणि १९८६ साली प्रागला ‘परत आल्या’ त्या अमेरिकेकडून खेळायला. बरं, ते आडनाव सावत्र वडिलांचं, जन्मनाव वेगळंच. पुढं २००३ साली विम्बल्डनला मिश्र दुहेरी जिंकली ती आपल्या लिएंडर पेसबरोबर, म्हणजे मूळच्या गोव्याच्या घराण्यातल्या मुलाबरोबर. पेस हे आडनाव तरी कुठून आलं? पोर्तुगालहून. पण तिकडे वळलो तर रात्र होईल.

एक मात्र सांगतोच. श्कोदा, म्हणजे आपली स्कोडा गाडी, हेही आडनावच. पिल्झेनचा कारखाना १८६९ साली एमिल श्कोदानं विकत घेतला, त्याचं. झेकमध्ये श्कोदा म्हणजे नुकसान, किंवा नुसतं ‘अरेरे’. संभाजीनगरच्या रस्त्यावर एवढाल्या किमतीच्या गाड्या ‘अरेरे’ लिहून फिरतात आणि कुणाला काही वाटत नाही. आम्ही मात्र डोईफोडे!

चिठ्ठी आली. आठ मिनिटं. बरं.

तर मुद्दा. लोकांना वाटतं, आडनाव दुर्मिळ म्हणजे घराणं जुनं, कुठंतरी ताम्रपट असणार. मला वाटतं, दुर्मिळ म्हणजे एवढंच की तो विनोद एकाच गावात झाला. नोव्हाक बघा. नोव्हाक म्हणजे गावात नवा आलेला. नवा माणूस कुठल्या गावात येत नाही? म्हणून ते नाव गावोगावी स्वतंत्रपणे पडलं आणि आज झेकियात सगळ्यात जास्त तेच, बायका-पुरुष मिळून ६० हजारांहून अधिक. ते सगळे एकमेकांचे भाऊबंद नव्हेत, जसे आपले सगळे पाटील नव्हेत. ‘मीठ घालून घे’ असं चिडून म्हणणारी खानावळवाली, किंवा ते सतत ऐकवणारा तिचा नवरा, दर गावात निघत नाही. टोपणनाव होतं ते. चिकटलं.

चिकटलेलंही टिकायचं नाही सहसा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारनं वंशपरंपरागत आडनाव पक्कं करेपर्यंत खेड्यात नाव माणसाचं कमी, घराचं जास्त. शेतकऱ्याच्या विधवेशी लग्न करून त्या घरात राहायला गेलेला माणूस त्या घराचं नाव लावायचा. म्हणजे घरजावई झाला की आडनावही सासरचं. त्यामुळं पणज्याच्या पणज्यापर्यंत वंशावळ काढायला गेलात की मधेच एक पिढी भलत्याच नावाखाली सापडते.

आणि पक्कं झाल्यावरही नशीब. १८७३ साली इंग्लंडात फ्रान्सिस गाल्टननं हाच प्रश्न विचारला, आडनावं नामशेष कशी होतात? वॉटसन नावाच्या गणिती पाद्रीबुवांनी गणित मांडलं. शंभर माणसं घ्या, शंभर वेगवेगळी आडनावं. प्रत्येकाला सरासरी एक मुलगा, पण कुणाला तीन, कुणाला एकही नाही, निव्वळ योगायोगानं. पहिल्याच पिढीत सुमारे ३७ आडनावं संपतात. नातवंडांपर्यंत ५३. पणतवंडांपर्यंत ६३. कुणी पाप केलं नाही, रोगराई आली नाही, फक्त मुली झाल्या. पाद्रीबुवा पुढं चुकले, त्यांना वाटलं लोकसंख्या वाढली तरी सगळीच आडनावं संपणार. तसं होत नाही, काही सटकतात. ओसोल्सोब्ये हे सटकलेल्यांपैकी.

आता वारंवारिता. दोनच मिनिटं, हो. आडनाव मोजायचं म्हणजे काय मोजायचं? सरकारी यादीत नोव्हाक एका ओळीवर आणि त्याची बायको नोव्हाकोवा दुसऱ्या ओळीवर, कारण बायकांच्या आडनावाला ‘ओवा’ लागतो. २०२२पासून झेक बायकांना तो न लावण्याची मोकळीक मिळाली, म्हणजे एकाच घरातल्या दोन बहिणी दोन ओळींत. तिसरी बहीण अमेरिकेला गेली, की अक्षरांवरची चिन्हं गळाली. ओसोल्सोब्येच्या शेवटच्या अक्षरावर एक छोटासा काकपद असतो. त्या काकपदामुळं ‘बे’चा ‘ब्ये’ होतो. तो परदेशी टंकलेखकाला सापडत नाही, म्हणून तो साधा ‘ओसोल्सोबे’ लिहितो. झालं, संगणकाला दोन दुर्मिळ आडनावं मिळाली. पोलंडच्याही याद्यांत एकाच माणसाची म्हणून जी आडनावं दिसतात, त्यांतली कितीतरी कुणाची आडनावंच नाहीत. कारकुनाचा हात घसरला, एवढंच.

उद्या कुणी महाराष्ट्राची अशी यादी काढली, तर त्यात डोईजोडे, संख्या एक, असं नक्की दिसेल. तो सापडला तर मला कळवा. त्याच्याकडे माझे अकरा महिन्यांचे पैसे होते.