दमनकारी पेशी आणि हरवलेलं जनुक

नमस्कार श्रोतेहो. रोगप्रतिकारशक्ती वाढवा, असं आपण सतत ऐकतो. पण ती वेळेवर आवरलीही पाहिजे, नाहीतर प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंना पकडणारी प्रथिनं, आपल्याच शरीरावर उलटतात. हा लगाम नेमका कुणाच्या हातात असतो?

१९७० साली अमेरिकेत येल विद्यापीठात रिचर्ड गेर्शन आणि त्यांचे सहकारी कोंडो यांनी उंदरांवर प्रयोग करून सांगितलं, की प्रतिपिंडं बनवायला मदत करणाऱ्या टी पेशी, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी, ती रोखूही शकतात. पुढे जपानमध्ये तोमिओ तादा यांनी उंदरांना एका समुद्री गोगलगाईच्या रक्तातलं प्रथिन टोचलं, नंतर त्यांच्या थायमस या छातीतल्या ग्रंथीतल्या आणि प्लीहेतल्या पेशी फोडून अर्क काढला. हा अर्क दिलेल्या दुसऱ्या उंदरांमध्ये त्याच प्रथिनाला जोडून टोचलेल्या रसायनाविरुद्धची प्रतिपिंडं घटली. रसायन ज्याला जोडलं ते वाहक प्रथिन बदललं, की अर्काचा प्रभाव दिसेना. म्हणजे एका ठरावीक प्रतिजनापुरतंच, प्रतिकारशक्ती ज्याला ओळखते त्या पदार्थापुरतंच, दमन! मला हा प्रयोग आजही विलक्षण वाटतो.

या दमनकारी घटकावर ‘आय-जे’ नावाची खूण सापडली. तिचं जनुक उंदराच्या सतराव्या गुणसूत्रावर कुठे असावं, तेही उंदरांच्या संकरांवरून ठरलं. मग १९८२ मध्ये त्या भागाचा रेणूपातळीवरचा नकाशा तयार झाला, आणि तिथे अशा जनुकाला जागाच नव्हती. साऱ्या क्षेत्राचा दमनकारी पेशींवरचा विश्वास उडाला. ‘दमनकारी टी पेशी’ हे शब्द शोधनिबंधात लिहायलाही लोक कचरू लागले. माझ्या मते हे फार टोकाचं झालं. जनुक सापडलं नाही, म्हणून उंदरांत दिसलेलं दमन खोटं ठरत नव्हतं.

जपानी संशोधक शिमोन साकागुची यांनी हा धागा सोडला नाही. १९९५ मध्ये त्यांनी सीडी-२५ हे प्रथिन अंगावर बाळगणाऱ्या टी पेशी दाखवल्या. त्या काढून टाकल्या, की उंदरांना स्वप्रतिरोधी आजार, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचे आजार, होतात. पुढे फॉक्स-पी-३ हे त्यांचं सूत्रधार जनुक कळलं. २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल साकागुची, मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांना याच कामासाठी मिळालं.

आता आपल्याला या दमनकारी पेशींची एक युक्तीही माहीत आहे. या पेशींवरचं सीटीएलए-४ हे प्रथिन प्रतिजन दाखवणाऱ्या पेशींवरचे उत्तेजक रेणू अक्षरशः ओढून घेतं. मग मदतनीस टी पेशी जाग्या होत नाहीत, आणि प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींना तसा इशारा मिळत नाही. लसिका ग्रंथींमध्ये, जिथे बी पेशी प्रतिपिंडं घडवायला शिकतात, तिथेही यांची एक तुकडी पहाऱ्यावर असते. कोणता प्रतिजन, हे या दमनकारी पेशींच्या अंगावरचा टी पेशी ग्राही, म्हणजे प्रतिजन ओळखणारा रेणू, ओळखतो. तादांच्या अर्कात नेमकं काय होतं, याचा शोध मात्र पुढे कुणी फारसा घेतला नाही.