चिमटीतले पेले

(अंधार. पाणी ओतल्याचा आवाज. स्टीलचा पेला, अगदी जवळून.)

हात बघा. अंगठा आणि तर्जनी, एवढंच. ओठ जिथं लागले नाहीत तेवढीच कड चिमटीत धरलेली. एक पेला उचलला, मग दुसरा. दोन्ही आत गेले आणि मांडणीवर बाकीच्या भांड्यांपासून हातभर लांब ठेवले गेले. एवढ्या वेळात कुणी कुणाला एक शब्दही बोललेलं नाही.

ही कृती दिग्दर्शकानं सुचवलेली नाही. संहितेतच लिहिलेली आहे, बोटांच्या तपशिलासकट. नाटकाचं नाव 'फायनल सोल्यूशन्स', नाटककार महेश दत्तानी, भाषा इंग्रजी. आणि तरी हा पेला कसल्या घरातला, हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. माझ्या आजोळी मागच्या दाराशी कोनाड्यात एक कानतुटका कप असायचा. तो कुणासाठी, हे आम्हा मुलांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. आम्हाला ते माहीत होतं.

(पुण्यातल्या एका शाळेचं सभागृह. बाकं भिंतीला लावलेली. रात्रीची तालीम.)

ही हौशी मंडळी आहेत. कुणी बँकेत, कुणी आयटीत, दोघं अजून कॉलेजात. आठ वाजता जमतात, डबा इथंच खातात. संवाद इंग्रजीत, सूचना मराठीत, आणि वाद दोन्ही भाषांत. "ताई, पेल्याचा प्रसंग अजून एकदा घेऊ?" ही विचारणा आम्ही एका रात्रीत सहा वेळा टिपली.

आता हे लाकडी ठोकळे बघा. हीच खुर्ची, हाच सोफा. नाटकातल्या गांधी कुटुंबाच्या दिवाणखान्याला दत्तानी यापलीकडे काही देत नाहीत. पण मागे, थोड्या उंचीवर, दोन जागा मात्र बारकाव्यानिशी मांडायला सांगतात: स्वयंपाकघर आणि देवघर. मुलांनी आपापल्या घरून पितळेचे डबे आणलेत, समई आणलीय, कुणाच्या तरी आजीचा तांब्या आणलाय. आपल्या जुन्या घरात सोवळं कुठं सुरू व्हायचं? याच दोन उंबऱ्यांवर. दत्तानींना तेच दाखवायचंय, आणि ते त्यांनी पहिला संवाद येण्याआधी नेपथ्यात सांगून टाकलंय.

बाजूला हे लिहायचं मेज. वर एक दिवा, मुळात तेलाचा, नंतर विजेवर केलेला. हा कोपरा दक्षाचा. नवी नवरी आहे. ३१ मार्च १९४८, ही तिच्या डायरीतली तारीख. नूरजहाँची गाणी ऐकणारी, झरीन नावाच्या मुसलमान मैत्रिणीकडे जाणारी पोर. हीच दक्षा आज या घरातली म्हातारी सासू आहे, हार्दिका. रंगमंचावर दोघी एकाच वेळी असतात, एक डायरी लिहिते आणि दुसरी ती आठवते.

(मुखवटे. टेबलावर दहा, वाळत घातलेले.)

आता हे. आमच्या चित्रीकरणातला सगळ्यात जास्त वेळ इथं गेला आणि त्याची अजिबात खंत नाही. जमावासाठी संहिता पाच माणसं आणि काठ्यांवर लावलेले दहा मुखवटे मागते. पाच हिंदू, पाच मुसलमान. मुलांनी खळ शिजवली, रद्दीचे तुकडे थरावर थर चिकटवले, दोन दिवस पंख्याखाली वाळवले, मग रंग. नाक कुणाचं किती उभारायचं, दाढी रंगवायची की सुतळीची लावायची, यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी ठरलं की दहाही चेहरे एकाच साच्यातून काढायचे. हा निर्णय मला फार योग्य वाटतो.

या मुलाकडे बघा. काठी उचलली, चेहऱ्यासमोर धरली, आणि तो रथामागे चालणारा भाविक झाला. ती खाली ठेवली, दुसरी उचलली. आता तोच पलीकडच्या गल्लीतला. पाय तेच, घामानं भिजलेला सदरा तोच. चंद्रकोरीसारख्या उतरत्या फळीवर हे पाच जण प्रयोगभर बसून असतात, म्हणजे घर कायम जमावाच्या वेढ्यात.

(दारावर थाप. तालमीत ती बाकावर मारली जाते.)

गोष्ट अमरगावची. रथयात्रेत दंगल उसळते. रथ मोडतो, पुजारी मारला जातो. रात्री जावेद आणि बॉबी हे दोन मुसलमान तरुण जीव वाचवायला रमणिक गांधींच्या दारात येतात. मागे काठ्या आपटत जमाव. रमणिक दार उघडतात, त्यांना आत घेतात आणि जमावासमोर उभे राहतात. मग त्या दोघांना पाणी दिलं जातं, आणि रमणिकची बायको अरुणा ते पेले उचलते.

दार उघडणं आणि पेला चिमटीत धरणं, एकाच घरात, एकाच रात्री. सगळं नाटक मला या दोन कृतींच्या मधे दिसतं.

(महेश दत्तानी यांचं छायाचित्र. नाटकांची मुखपृष्ठं.)

दत्तानींचा जन्म १९५८चा, बंगळूरचा. घरात गुजराती, रस्त्यावर कन्नड, शाळेत इंग्रजी. जाहिरातींसाठी मजकूर लिहायचं काम केलं, भरतनाट्यम शिकले. १९८४मध्ये 'प्लेपेन' ही नाट्यसंस्था काढली, आणि १९८८मध्ये 'व्हेअर देअर्स अ विल' हे पहिलं नाटक आलं. इंग्रजी नाटक म्हटलं की आपल्याकडे अजून नाक मुरडतात: चार सुखवस्तू लोकांची करमणूक, मातीचा वास नाही वगैरे. दत्तानींच्या नाटकांत सासू आहे, वाटणी आहे, सुनेचं माहेर आहे, वंशाचा दिवा आहे. आणखी कसली माती हवी?

'तारा' घ्या. तारा आणि चंदन, जन्मतः जोडलेली जुळी. दोघांत मिळून पाय तीन. तिसऱ्या पायाला रक्तपुरवठा मुख्यतः मुलीच्या शरीरातून होता, म्हणजे तो तिच्याकडे टिकण्याची शक्यता जास्त. आई आणि आजोबा ठरवतात, पाय मुलाला द्यायचा. तो मुलाकडे दोन दिवस टिकतो. मग कापून टाकावा लागतो.

'डान्स लाइक अ मॅन'मध्ये भरतनाट्यम नाचू पाहणारा पुरुष आणि त्याचा बाप. 'ऑन अ मगी नाइट इन मुंबई' हे समलिंगी मित्रमैत्रिणींचं नाटक १९९८चं. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७मधून अशा नात्यांची सुटका झाली ती २०१८मध्ये. 'थर्टी डेज इन सप्टेंबर' घरातल्याच माणसानं मुलीवर केलेल्या अत्याचाराबद्दल आहे.

(वर्तमानपत्रांची जुनी पानं. डिसेंबर १९९२.)

'फायनल सोल्यूशन्स' डिसेंबर १९९२मध्ये बंगळूरच्या एका नाट्यमहोत्सवात होणार होतं. अयोध्येत बाबरी मशीद पडली, आणि हा विषय नको म्हणून नाटक वगळलं गेलं. पहिला प्रयोग झाला जुलै १९९३मध्ये, बंगळूरच्याच गुरू नानक भवनात. पुढे मुंबईत अॅलेक पदमसींनी ते बसवलं, दंगलीतून नुकत्याच उठलेल्या मुंबईत. १९९८मध्ये दत्तानींना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. इंग्रजीत लिहिणाऱ्या नाटककाराला तो पहिल्यांदाच.

(तालीम. देवघर.)

मूर्ती अजून आलेली नाही. म्हणून बॉबीच्या हातात सध्या एक लाकडी ठोकळा आहे. त्याला देवघरात जायचंय, कृष्णाची मूर्ती उचलून तळहातावर घ्यायचीय आणि अरुणासमोर उभं राहायचंय. तो म्हणतो त्याचा आशय असा: बघा, माझ्या स्पर्शानं हा देव मला जाळत नाही. अंगही चोरत नाही.

(निवेदन नाही. अरुणाचा चेहरा. बॉबीचा हात.)

यानंतर रमणिक आईला, म्हणजे हार्दिकाला, ते सांगतात, जे इतकी वर्षं त्यांनी पोटात ठेवलं होतं. झरीनच्या वडिलांचं दुकान दंगलखोरांनी आपणहून जाळलं नव्हतं. रमणिकच्या बापानं आणि आजोबांनी ते जाळवलं होतं, कमी भावात विकत घेता यावं म्हणून. आजवर घर चाललं ते त्याच दुकानावर.

हार्दिका विचारते, ती मुलं परत येतील का? मुलगा सांगतो, तू बोलावलंस तर येतील. फार उशीर झाला, तर कदाचित नाहीही येणार.

(सभागृह. पावणेअकरा. दिवे अर्धे मालवलेले.)

मुखवटे पोत्यात भरले जातायत. डबे ज्याचे त्याच्या पिशवीत. अरुणाचं काम करणारी मुलगी अजून स्वयंपाकघराच्या चौकटीत उभी आहे. तिला चिमटी जमत नाहीये, पेला निसटतो. दिग्दर्शिका सांगते, सवयीनं धर, विचार करून धरू नकोस. मुलगी मान हलवते, पेला पुन्हा भरून आणते, आणि ज्यानं प्यायचंय त्याला हाक मारते.