ऐकणारा खलनायक : आल्फ्रेड मोलिनाचा डॉक्टर ऑक्टोपस

मंडळी, सुपरहिरोंच्या सिनेमातल्या खलनायकांचा विषय निघाला की गाडी हमखास जोकरवर येऊन थांबते. २००८ च्या ‘द डार्क नाइट’ या बॅटमॅनच्या सिनेमातलं हीथ लेजरचं ते काम मोठंच आहे, आणि त्यावर भरपूर बोलून झालंय. आज मला त्याच्या चार वर्षं आधीच्या एका कामाबद्दल बोलायचंय. २००४ सालचा ‘स्पायडर-मॅन २’, दिग्दर्शक सॅम रेमी, आणि त्यात आल्फ्रेड मोलिनानं केलेला डॉक्टर ऑटो ऑक्टेव्हियस, म्हणजेच डॉक्टर ऑक्टोपस. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. एरवी खलनायक उभा राहतो तो बोलण्यातून : संवादफेक, गडगडाटी हसू, धमक्या. मोलिनाचा खलनायक उभा राहतो ऐकण्यातून. तो कुणाचं ऐकतो, कुणाचं ऐकत नाही आणि शेवटी कुणाला ऐकायला लावतो, एवढ्यावर ही सगळी भूमिका तोललेली आहे.

आधी हे लक्षात घ्या की कागदावर हे पात्र अवघडच होतं. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांनी १९६३ साली कॉमिकमध्ये आणलेला हा डॉक्टर ऑक्टोपस म्हणजे गोल चेहरा, वाटी ठेवून कापल्यासारखे केस, डोळ्यांवर गॉगल आणि धडाला चिकटलेले चार धातूचे हात. जिवंत माणसावर हे चढवलं की प्रेक्षक हसायचा धोका मोठा. रेमीनं त्यासाठी निवडला मोलिना. लंडनमध्ये १९५३ साली जन्मलेला, स्पॅनिश वडील आणि इटालियन आई यांचा मुलगा. १९८१ च्या पहिल्या इंडियाना जोन्स सिनेमात सुरुवातीलाच दगा देऊन मरणारा वाटाड्या तोच. २००२ च्या ‘फ्रिडा’त सल्मा हायेकसमोर चित्रकार दिएगो रिवेरा झालेलाही तोच. धिप्पाड, पोट सुटलेला, पन्नाशीचा माणूस. सिनेमानं त्याचं हे शरीर लपवलं नाही. उघड्या अंगाभोवती तो धातूचा पट्टा आवळलाय, वर लांब कोट आहे आणि त्यातून प्राध्यापकाचं मऊ पोट चक्क दिसतं. मला ही निवड फार आवडते. पोलादी हातांच्या मधोमध सोलता येईल असा एक माणूस आहे, हे प्रत्येक चौकटीत दिसत राहतं.

आता पहिला महत्त्वाचा प्रसंग. पीटर पार्कर, म्हणजे मुखवट्याआडचा स्पायडर-मॅन, विद्यार्थी म्हणून या शास्त्रज्ञाला, ऑटोला, भेटायला येतो. ऑटो सुरुवातीला तुटक वागतो, विद्यार्थ्यांशी गप्पा मारायला त्याला सवड नाही. मग त्याला आठवतं की हा डॉक्टर कॉनर्सचा विद्यार्थी, हुशार पण आळशी म्हणून ज्याच्याबद्दल ऐकलं तो. आणि पुढच्या दृश्यात ते दोघं आणि ऑटोची बायको रोझी, असे तिघं टेबलाशी बसून मनमोकळं बोलतायत. ऑटो आपल्या प्रेमाची गोष्ट सांगतो. तो विज्ञान शिकत होता, ती इंग्रजी साहित्य. तिच्यासाठी त्यानं कवी टी. एस. एलियट वाचायला घेतला, आणि विज्ञानापेक्षा एलियट अवघड निघाला. हे सांगताना मोलिना पीटरकडे कमी बघतो, रोझीकडे जास्त. डोना मर्फीनं केलेली रोझी मधेमधे तोंड घालते, आणि तो तिला बोलू देतो. अनेक वर्षांच्या संसारात नवरा-बायको एकच गोष्ट मिळून सांगतात ना, तसं. पटकथा आल्विन सार्जंटची आहे. दोन ऑस्कर घरात असलेला लेखक, माणसांचे घरगुती प्रसंग लिहिण्यात मुरलेला. पण लिहिलेल्या ओळीत इतकी माया नटानंच ओतावी लागते.

या प्रसंगात पीटर मधेच एक साधी शंका काढतो : ही फ्यूजनची, म्हणजे अणुकेंद्रं एकत्र जोडून ऊर्जा मिळवण्याची, प्रक्रिया नक्की आटोक्यात राहील ना? ऑटो उत्तर देतो, शब्द सभ्यच आहेत, हे माझं आयुष्यभराचं काम आहे, बारीकशा चुकीचे परिणाम काय होतील ते मला ठाऊक आहे. पण तोवर कान देऊन बसलेला माणूस इथे कान बंद करतो. आवाज चढत नाही. फक्त त्यातला गोडवा क्षणभर गेलेला असतो. रोझी हसून वेळ मारून नेते आणि गप्पा पुढे जातात. सगळ्यांचं ऐकणारा हा सज्जन माणूस एक गोष्ट ऐकू शकत नाही, ती म्हणजे आपल्या कामाबद्दलची शंका. पुढचा सगळा अनर्थ या एका जागेतून शिरतो, आणि मोलिनानं ती जागा इतक्या हलक्या हातानं दाखवून ठेवलीय की पहिल्यांदा पाहताना ती निसटून जाते.

मग प्रयोगाचा दिवस. जमलेल्या लोकांना तो आधी एक विनोद सांगतो. वीस-वीस डॉलरच्या नोटांची गुंडाळी कुणाची हरवलीय का, रबरबँड लावलेली? नाही, रबरबँड सापडलाय म्हणून विचारलं. विनोद सुमारच आहे, हे त्यालाही माहीत आहे, आणि तरी सांगताना तो खुशीत आहे. हाच माणूस थोड्या वेळानं यंत्र हाताबाहेर जात असताना ओरडत असतो की स्थिर होईल, आत्ता स्थिर होईल. स्पायडर-मॅन बंद करायला सांगतोय, ते त्याच्या कानापर्यंत पोचतच नाही. खिडकीची काच फुटून रोझी जाते. प्रयोग हाताळण्यासाठी त्यानं ते चार यांत्रिक हात अंगावर चढवलेले असतात; त्यांना त्याच्या मेंदूवर कुरघोडी करण्यापासून रोखणारी मानेमागची चिप जळून जाते.

इस्पितळातल्या शस्त्रक्रियेचं दृश्य तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. रेमी भयपटांतून आलेला दिग्दर्शक आहे, तिथे त्यानं जुनी हौस पुरी करून घेतलीय. पार्श्वसंगीत नाही, भिंतीवर सावल्या, फरशीवर ओरखडे काढत ओढली जाणारी नखं. पण नटाच्या बाजूनं बघा : या सगळ्या कत्तलीत मोलिना पालथा, बेशुद्ध पडलेला आहे. खलनायकाचे पहिले खून त्यानं केलेलेच नाहीत. तो जागा होतो, भोवती पडलेली माणसं बघतो, ते हात बघतो, आणि किंचाळतो. त्या किंकाळीत नुसती दहशत आहे. सूड नाही, ताकदीची नशा नाही.

आणि आता जेटीवरचा प्रसंग, ज्यासाठी मी आज इथे उभी आहे. नदीकाठची पडकी जेटी. ऑटो एकटा आहे. रोझी गेली, स्वप्न गेलं, आणि या राक्षसी हातांसकट आपण नदीच्या तळाशी जायला हवं, असं तो म्हणतो. मग ते हात हळूहळू त्याच्या चेहऱ्याजवळ येतात. डोक्यात काहीतरी बोलतंय हे त्याला जाणवतं. तो मानेमागे चाचपतो, चिप गेल्याचं कळतं. पुढची दोन-एक मिनिटं तो त्या हातांशी बोलतो, आणि हात काय बोलतात ते आपल्याला एकदाही ऐकू येत नाही. फक्त त्याची उत्तरं. यंत्र पुन्हा बांधायचं? पैसे लागतील. चोरी? छे, मी गुन्हेगार नाही. आणि मग एक थांबा. त्या थांब्यात मोलिना ऐकतो. नजर एका हातावरून दुसऱ्या हातावर जाते, कपाळावरची आठी सैल होते, आणि तो मान्य करतो : हो, खरंय, सुरू केलेलं काम अर्धवट टाकणं हाच खरा गुन्हा. माणूस बिघडतो तो त्या थांब्यात. तोंडून निघतो तो नुसता निकाल.

हे त्यानं कसं साधलं, याचं एक उत्तर तांत्रिक आहे. मारामारीतले हात संगणकावरचे असले, तरी अशा संवादाच्या दृश्यांत सेटवर खरे हात होते, बाहुलीकारांनी चालवलेले. एका हाताला चार माणसं, म्हणजे मोलिनाभोवती एकूण सोळा सहकलाकार. मोलिनानं चारही हातांना नावं ठेवली होती : लॅरी, हॅरी, मो आणि फ्लो. यातली फ्लो नाजूक कामांसाठी. नाटकवाल्यांना यात नवल वाटणार नाही. समोरचा नट जिवंत असला की आपली नजर आपोआप खरी होते. हिरव्या पडद्यासमोर टेनिसच्या चेंडूकडे बघून बोलणारे नट आपण खूप पाहिलेत. मोलिनाकडे हलणारं, उशीर करणारं, अंगावर येणारं काहीतरी होतं, आणि त्यानं त्याला सहकलाकाराचा मान दिला. सिनेमाला दृश्य परिणामांसाठी ऑस्कर मिळालं ते योग्यच. पण त्या हातांना जीव आहे हे आपण मानतो, ते हात चांगले केलेत म्हणून तितकंच, आणि मोलिना त्यांचं ऐकतोय म्हणूनही.

दुसरं उत्तर रंगभूमीचं आहे. हा सिनेमा प्रदर्शित झाला त्याच वर्षी मोलिना न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ‘फिडलर ऑन द रूफ’ या संगीत नाटकात तेव्ये करत होता. तेव्ये म्हणजे गरीब ज्यू दूधवाला, जो उठता-बसता देवाशी बोलतो. देव उत्तर देत नाही. तेव्ये थांबतो, ऐकल्यासारखं करतो, एका बाजूनं वाद घालतो, दुसऱ्या बाजूनं घालतो आणि स्वतःच निर्णयाला येतो. त्यातल्या प्रसिद्ध गाण्यावर चारही यांत्रिक हात नाचवत धमाल करणाऱ्या मोलिनाची सेटवरची चित्रफीतही आहे, जरूर बघा. मला जेटीवरचा प्रसंग आणि तेव्येची स्वगतं सख्खी भावंडं वाटतात. फरक इतकाच की तेव्ये ज्याच्याशी बोलतो तो त्याला हवं तेच सांगेल याची हमी नाही. ऑटोचे हात मात्र त्याला नेमकं हवं तेच सांगतात.

आधीच्याच सिनेमात, २००२ साली, विलेम डॅफोनं ग्रीन गॉब्लिन हा खलनायक करताना आरशासमोर दोन्ही आवाज स्वतः काढले होते. तोही प्रसंग झकास आहे, पण तिथे दुष्ट बाजू वेगळी उभी राहते, तिला वेगळा आवाज आहे. मोलिनाकडे ती सोय नाही. हात बोलतात ते खरंच हातांचं, की ऑटोच्याच पोटातलं, हे तो शेवटपर्यंत ठरवू देत नाही. माझं मत विचाराल तर त्याच्याच पोटातलं. पीटरच्या शंकेवर त्यानं कान बंद केले होते, तेव्हा चिप शाबूत काय, अजून बसवलेलीसुद्धा नव्हती.

बँकेचा दरोडा आणि आगगाडीवरची मारामारी यांवर मी फार थांबत नाही. आगगाडीचं दृश्य सिनेमा म्हणून अफलातून आहे, पण तिथे नटाला करण्यासारखं थोडं. बँकेत तर त्याला ठरावीक खलनायकी टोमणे दिलेत, ते तो चोख मारतो इतकंच.

शेवटाकडे मात्र लक्ष द्या. पीटर मुखवटा काढतो. ऑटो त्याला ओळखतो आणि तेच जुने शब्द उच्चारतो, हुशार पण आळशी. म्हणजे टेबलाशी बसलेला तो शिक्षक अजून आत आहे. पीटर सांगतो की कधीकधी आपली सगळ्यात लाडकी स्वप्नंही सोडावी लागतात. आणि ऑटो, ज्यानं आजवर याच बाबतीत कुणाचं ऐकलं नाही, तो ऐकतो. मग हातांकडे वळून त्यांना दरडावतो, आता तुम्ही माझं ऐका. इतका वेळ कान त्याचे होते, आता त्यांचे. राक्षस म्हणून मरणार नाही, हे वाक्य त्यानंतर येतं. ते वाक्य गाजलं, पण माझ्या मते काम त्याआधीच्या हुकमानं झालेलं असतं.

२०२१ च्या ‘स्पायडर-मॅन : नो वे होम’मध्ये मोलिना परत आला. चेहरा संगणकानं तरुण केलेला, हातही या वेळी पूर्ण संगणकावरचे, बाहुलीकार कुणी नाहीत. तरी एक जागा त्यानं जिंकली. नवी चिप बसवल्यावर त्याच्या डोक्यातले आवाज बंद होतात, आणि किती शांत झालंय म्हणून तो थक्क होतो. १७ वर्षांपूर्वी ऐकण्यावर उभी केलेली भूमिका असल्यामुळे त्या दोन शब्दांना वजन येतं. दुसऱ्या कुणी ते म्हटले असते तर ती नुसती माहिती ठरली असती.

बोलणं इथे थांबवते. आता जेटीवरचा प्रसंग आपण दोनदा बघणार आहोत. पहिल्या वेळी आवाज बंद ठेवणार आहे. त्याच्या नजरेकडे बघा आणि कुठल्या क्षणी त्याचं ठरलं असं वाटतं ते हातातल्या कागदावर लिहा. मग आवाजासकट पुन्हा लावू आणि प्रत्येकाचा क्षण कुठे पडतो ते ताडून बघू. मागच्या रांगेतल्यांनी पुढे यायला हरकत नाही, डोळे जवळून दिसायला हवेत.